शेळ्यांपासून सुरक्षित अंतर

अध्यक्षा अलेइडाबाईंनी आपला अंगठा जिभेला लावून ओला केला आणि डॉक्टर विब्रेन पोस्टमाच्या कोटावर पडलेला क्रीमचा ठिपका त्या ओल्या अंगठ्यानं पुसून टाकला. "हं, झालं," त्या म्हणाल्या, जणू शेंबड्या पोराला शाळेत धाडत होत्या, आणि टेबलाच्या टोकाला आपल्या जागेवर जाऊन बसल्या. एवढंच झालं. कुणी पाहिलंही नाही, कारण समितीतला प्रत्येक जण आपापल्या गोळ्याशी झटत होता. डेन बॉस गावात कुठलीही महत्त्वाची गोष्ट व्हायची असली की आधी हा गोळा येतो. मुठीपेक्षा मोठा, आत क्रीम ठासलेलं, वरून चॉकलेटचा लेप, आणि तो नीट खाता आलेला माणूस अजून जन्मायचा आहे. काट्यानं खावा तर क्रीम मागच्या बाजूनं पळतं, हातानं खावा तर नाकावर चढतं. गावातल्या प्रत्येकानं दुसऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी नाकावर क्रीम घेऊन बसलेलं पाहिलेलं असतं, त्यामुळे इथं कुणी कुणाला फारसं मानत नाही आणि कुणी कुणाशी फारसं भांडतही नाही. विब्रेनही भांडणार नव्हता. तो मान डोलवायला आला होता. पण कोटावरच्या त्या ओल्या ठिपक्याच्या बरोबर मागे, पोटात, काहीतरी उलटं फिरलं.

ती किळस होती हे कळायला त्याला जरा वेळच लागला. ज्याला आपण फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलंय असा लांबचा नातेवाईक एकदम दारात उभा राहावा तसं झालं. विब्रेन साठीला टेकला होता आणि आजवर त्याला कशाची किळस आलेली नव्हती. ही फुशारकी नव्हे, हा त्याचा धंदा होता. जनावरांपासून माणसांना काय काय होतं आणि माणसांपासून जनावरांना काय काय होतं, एवढ्या एका प्रश्नापायी त्यानं सगळी उमेदीची वर्षं घालवली होती. गटारातल्या उंदरांची मूत्रपिंडं त्यानं संस्थेच्या फ्रिजमध्ये आपल्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली होती. एकदा डबा कुठला हे आठवेना तेव्हा त्यानं एकेक झाकण उघडून वास घेतला होता आणि मूत्रपिंडांचा डबा शांतपणे परत ठेवून चीज-पाव खाल्ला होता. आजारी पोपटांची विष्ठा, कोंबड्यांच्या घशातला चिकटा, वटवाघळांची लाळ. मेलेल्या डुकराच्या फुप्फुसावर बोट दाबून ते कसं कुरकुरतं हे विद्यार्थ्यांना दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर बेकरीत पाव दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाचा भाव असायचा. पोस्टमाला कशानं मळमळेल यावर पोरं दर वर्षी पैज लावत, आणि दर वर्षी कुणीच जिंकत नसे. शेळीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून मेलेलं करडू ओढून काढताना तो शेजारच्या माणसाशी सायकलच्या ब्रेकबद्दल बोलू शके. आणि आज त्याच माणसाला एका स्वच्छ, सुगंधी, दात घासलेल्या बाईची अंगठ्यापुरती थुंकी सहन होईना. त्या थुंकीत काय काय असेल याचा त्यानं सवयीनं अंदाज बांधला. फारसं काही नव्हतं. होते ते जंतू सभ्य, घरगुती होते. म्हणजे प्रश्न जंतूंचा नव्हता.

"तर मंडळी, तोंडं पुसा," अलेइडाबाई म्हणाल्या. "आज एकमत झाल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, आणि घरी तर सगळ्यांनाच जायचंय." सगळे हसले. अलेइडाबाईंना सगळा प्रांत मानायचा तो यासाठीच. नदीकाठी मासे धरणारे आणि नदीत होड्या चालवणारे, चर्चच्या घंटा वाजवणारे आणि त्या घंटांनी झोपमोड होणारे, सगळ्यांना त्यांनी एका टेबलाशी बसवून एकमेकांच्या कॉफीत साखर घालायला लावलं होतं. आजचा प्रश्न त्या मानानं किरकोळ. गावाच्या कडेला नवी घरं बांधायची होती, आणि त्याच कडेला शेळ्यांचे गोठे होते. घरं गोठ्यांपासून किती लांब असली म्हणजे पुरे? समितीनं अंतर ठरवायचं, मग नगरपालिका त्या अंतरापलीकडे घरं बांधणार. नगरपालिकेकडून योस्ट नावाचा तरुण आला होता, गाल गुलाबी, बूट चकचकीत. शेळीवाल्यांकडून नोल आला होता. विज्ञानाकडून विब्रेन. बाकीचे आठ-दहा जण कशाकडून तरी आलेले होते आणि त्यांना कॉफी आवडत होती.

विब्रेनचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. दोन किलोमीटर. हे त्यानं हवेतून काढलेलं नव्हतं. खरं म्हणजे हवेतूनच काढलेलं होतं. कित्येक हिवाळे तो गोठ्यांभोवतालच्या खेड्यांत लोकांच्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर धूळ टिपायला कापडाचे तुकडे लावत फिरला होता. फेब्रुवारी-मार्चात शेळ्या व्यायला लागतात. करडामागून वार पडते, शेणखतात मिसळते, सुकते, तिचा भुगा होतो, आणि पूर्वेचा कोरडा वारा सुटला की तो भुगा उठून गावात पाहुणचाराला जातो. म्हाताऱ्यांना न्यूमोनिया व्हायचा. पोटुश्या बायकांची मुलं पोटातच दगावायची. गोठ्यापासून दोन किलोमीटरपर्यंत हे असं, त्यानंतर नकाशा फिकट होत जायचा. मोठी साथ होऊन गेली होती, लस टोचून झाली होती, वर्तमानपत्रं दुसऱ्या विषयांकडे वळली होती. जंतू मात्र गेला नव्हता, कारण त्याला कुणी निरोपसमारंभ केला नव्हता.

"मग एक फेरी घेऊ," अलेइडाबाई म्हणाल्या. या देशात माणसं मत देत नाहीत, फेरी घेतात. टेबलाभोवती एकेकानं बोलायचं, प्रत्येकानं आधीच्याच्या बोलण्यात काहीतरी फार मोलाचं सापडल्याचं सांगायचं, आणि फेरी संपेपर्यंत सगळ्यांची मतं एकमेकांना घासून घासून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होतात. योस्टनं पडद्यावर नकाशा लावला. नव्या घरांच्या जागी त्यानं हिरवी झाडं आणि फुगे धरलेली मुलं काढली होती. शेळ्यांच्या जागी काहीच काढलं नव्हतं. "विब्रेनच्या अभ्यासाबद्दल आम्हाला नितांत आदर आहे," तो म्हणाला, "पण दोन किलोमीटर धरलं तर आम्ही घरं बांधायची कुठं, तर थेट बेल्जियममध्ये."

नोल विब्रेनच्या शेजारी बसला होता. शेळीवाला असून तो सूट घालून आला होता. परवापरवापर्यंत कार्निव्हल होता, तेव्हा गावातले वकील, दंतवैद्य आणि खुद्द अलेइडाबाई शेतकऱ्याचा निळा सदरा आणि गळ्यात लाल रुमाल घालून चौकात नाचले होते; त्या दिवसांत एकटा नोलच गोठ्यात होता, करडं ओढत. त्या मोठ्या साथीत विब्रेननंच त्याच्या कळपाचं रक्त तपासलं होतं आणि मग पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन त्याच्या सगळ्या गाभण शेळ्या मारून घेऊन गेली होती. त्यानंतर नोलनं विब्रेनला दर नाताळला शुभेच्छापत्र पाठवलं होतं. त्यावर शेळीचं चित्र असे. ती मैत्री होती की टोमणा, हे विब्रेनला कधी विचारता आलं नव्हतं.

"तुझी पोरगी पण त्या घरांत आहे म्हणे," नोल हळूच म्हणाला.

"सोडतीत नंबर लागलाय."

"आणि पोटुशी?"

"पाचवा."

नोलनं सुस्कारा सोडला. त्याच्या हनुवटीवर चॉकलेटचा पापुद्रा चिकटला होता आणि बोलताना तो वरखाली होत होता. "आमची सून पोटुशी होती ना, तेव्हा शेळ्या व्यायच्या दिवसांत मी तिला झीलंडला धाडली होती. तिच्या मावशीकडे. समुद्राची हवा बरी." त्यानं डोळा मारला. "बायकांना समुद्र आवडतो." आणि तेवढ्यात फेरी त्याच्यापाशी आली म्हणून तो खाकरून उभा राहिला आणि म्हणाला, "शेळी हे गरीब जनावर आहे. आमच्या मते अर्धा किलोमीटर पुरे. आम्ही स्वतः तर भिंतीपलीकडे झोपतो आणि बघा, काय झालंय आम्हाला?" सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच काही झालेलं दिसत नव्हतं.

विब्रेनच्या तोंडात लाळ सुटायला लागली, गोड नाही, पातळ आणि खारट. ओकारीच्या आधी सुटते ती. तो त्या लाळेकडे कुतूहलानं बघत राहिला, म्हणजे आतून. त्याला एल्स्के आठवली, त्याची बायको, आता दुसऱ्या कुणाची तरी. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात तो गोठ्यांवरून घरी आला तेव्हा तिनं दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मग ती आतून म्हणाली होती, "गॅरेजमध्ये कपडे काढ. सगळे." तेव्हापासून तो रोज गॅरेजमध्ये सायकलींच्या आणि कुंड्यांच्या संगतीत नागडा व्हायचा, गार पाण्याच्या पाइपखाली उभा राहायचा आणि मग घरात घेतला जायचा, आणि तरीही ती जेवताना खुर्ची थोडी लांबच ओढायची. त्याला याचा कधी राग आला नव्हता. त्याला वाटायचं, ही अडाणी आहे. किळस ही अडाणी लोकांची चैन आहे, असं त्यानं एका व्याख्यानात म्हटलंही होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. ज्याला माहीत आहे त्याला किळस येत नाही. वार म्हणजे काय, तर ऊती. पू म्हणजे काय, तर लढून मेलेल्या पेशी. सगळ्याला नाव दिलं की सगळं स्वच्छ होतं. फ्रीसलंडातल्या गोठ्यात त्याच्या वडिलांनी त्याला हेच शिकवलं होतं, फक्त शब्दांशिवाय. वासरू बाहेर आलं आणि श्वास घेईना तेव्हा त्यांनी त्याचं ते बुळबुळीत नाक तोंडात धरलं होतं, आतला चिकटा ओढून घेऊन भिंतीवर थुंकला होता, पुन्हा ओढला होता. वासरू खोकलं. वडिलांनी बाहीनं तोंड पुसलं आणि विचारलं, "जेवायला काय आहे रे?" सहा वर्षांचा विब्रेन भिंतीवरून खाली ओघळणारा चिकटा बघत होता आणि त्याच्या पोटात तेव्हा काहीतरी हललं होतं, आजच्यासारखंच. त्यानं ते गिळलं होतं. बटाटे होते जेवायला. वडिलांना वाटलं असेल पोरगं शूर आहे. पोरही तसंच धरून चाललं. एक अवयव त्या संध्याकाळी बटाट्यांबरोबर गिळला गेला आणि पुढं आयुष्यभर कुठंतरी न पचता पडून राहिला, आणि आज एका बाईनं अंगठा चाटल्याबरोबर तो उठून बसला होता, डोळे चोळत, जांभया देत, मी इतकी वर्षं काय काय चुकवलं असं विचारत.

खूप चुकवलं होतंस, त्यानं त्या अवयवाला सांगितलं. आणि न बोलावता त्याला एक बाई आठवली, गोठ्यापासून फार लांब नाही अशा खेड्यातली, पोस्टात काम करणारी. तिचं मूल पोटातच गेलं होतं. तो तिच्या वारेचा नमुना घ्यायला गेला होता. तिनं कॉफी केली, कपाखाली बशी ठेवली, बशीत बिस्कीट ठेवलं, आणि विचारलं, "मी कुंपणावरून एका शेळीला थोपटलं होतं, त्यानं झालं का?" तो म्हणाला होता, "थोपटल्यानं नाही, हवेतून." हे सांगताना त्याला बरं वाटलं होतं, कारण ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं आणि त्यात तिची चूक नव्हती. मग त्यानं नमुन्याच्या बरणीवर चिठ्ठी डकवली. तारीख, गावाचं नाव, अंतर. अक्षर छान आलं होतं. बाईनं ते अक्षर वाचलं, बरणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचा वरचा ओठ थोडा उचलला गेला, नाकाच्या बाजूला दोन आठ्या पडल्या. त्या चेहऱ्याचं वर्णन त्यानं पुस्तकात शंभरदा वाचलं होतं: जगातल्या सगळ्या माणसांना येणारा, न शिकता येणारा चेहरा, विषारी अन्न थुंकायच्या तयारीतलं तोंड. पण त्याला वाटलं तिला कॉफी कडू लागली. त्यानं आपलं बिस्कीट खाल्लं. चांगलं होतं, दालचिनीचं. आता, समितीच्या टेबलाशी, ती दालचिनी त्याच्या घशाशी आली.

फेरी पुढं सरकत होती. पलीकडच्या चष्मेवाल्या बाईंना विब्रेनच्या दोनात आणि नोलच्या अर्ध्यात दोन्हीकडं फार मोलाचं काहीतरी सापडलं. त्यांच्या शेजारच्यानं सांगितलं की शेवटी प्रश्न संवादाचा आहे. "मग आपण मध्ये कुठंतरी भेटू या ना," योस्ट म्हणाला. "विब्रेन दोन म्हणतो, नोल अर्धा म्हणतो, मध्य काढला तर सव्वा येतो, पण सव्वा लोकांच्या लक्षात राहत नाही. एक ठेवू. एक गोंडस आहे." टेबलाभोवती एक समाधानाची कुजबुज झाली. एक खरोखरच गोंडस होता. खुर्च्या सैल झाल्या. कुणीतरी कॉफी ओतली. आणि विब्रेनला दिसलं की हे लोक लबाड नाहीत. योस्टला खरंच लोकांना घरं द्यायची होती; नोलला खरंच शेळ्या आवडत होत्या, तो त्यांना नावं ठेवायचा, म्हणजे प्रेमाची. त्यांनी फक्त एवढंच केलं होतं की जंतू किती लांब उडेल हे आपापसांत मिटवून टाकलं होतं. जंतूलाही बोलवायला हवं होतं या फेरीला, विब्रेनच्या मनात आलं. त्यालाही एक गोळा द्यायचा, नाकावर क्रीम लागू द्यायचं. तोही म्हणाला असता, बरं बाबा, मी दोन किलोमीटर जाऊ शकतो, पण तुम्हा सगळ्यांचं मन राखायला एकावर थांबेन, फक्त पूर्वेचा वारा सुटला तर मात्र जरा समजून घ्या.

विनोद त्याला आवडला, पण लाळ थांबेना. कारण त्या गोंडस एकाच्या पलीकडे, दोनाच्या अलीकडे, योस्टच्या हिरव्या झाडांखाली मारितचं घर होतं. त्याची एकुलती एक मुलगी. ती आणि तिचा नवरा स्टेन एका माळ्यावर राहत होते, जिथं स्टेनला फक्त खोलीच्या मध्यभागी ताठ उभं राहता येई. भिंतीवर बुरशी होती. ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा विब्रेन जवळ जाऊन म्हणाला होता, "छान काळी आहे." त्यावर मारित महिनाभर बोलली नव्हती. घराच्या सोडतीत नंबर लागला त्या दिवशी ती फोनवर रडली होती. या देशात हल्ली मूल होण्यापेक्षा घर होणं अवघड. समितीनं एक म्हटलं की आज दुपारी त्यांना सह्या करायच्या होत्या. समितीनं दोन म्हटलं, किंवा काहीच म्हटलं नाही, तर घरं नाहीत. सकाळी त्यानं अलेइडाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की माझी मुलगी यादीत आहे तेव्हा मी आज बाहेर बसतो. "अरे, या गावात प्रत्येक यादीत कुणाचं ना कुणाचं पोरगं असतंच," त्या म्हणाल्या होत्या. "तू बाहेर गेलास तर सगळ्यांनाच जावं लागेल, आणि खोलीत नुसती कॉफी उरेल." आणि त्याचं मन थोडं, फार थोडं, हलकं झालं होतं. कारण रात्री त्यानं स्वतःशीच एक छोटीशी फेरी घेतली होती. मारितचं घर गोठ्यांच्या पश्चिमेला होतं हे खरं, पण दारं-खिडक्या नव्या होत्या, रबर लावलेल्या. जवळजवळ दीड किलोमीटर म्हणजे काही शेजार नव्हे. आणि बुरशीही काही चांगली नव्हती. विब्रेननं विब्रेनच्या बोलण्यात फार मोलाचं काहीतरी शोधून काढलं होतं, आणि दोघांचं एकमत झालं होतं. पहाटे दोघेही छान झोपले होते.

ओकारी आता त्या दोघा विब्रेनांची येत होती. खोलीभर त्यांचाच वास सुटलाय असं त्याला वाटलं: उबदार, दुधाळ, गोडसर, तृप्त. गोठ्यातल्या कुठल्याही वारेला असा वास येत नव्हता. वार निदान प्रामाणिक असते, ती सडते तेव्हा सडते.

"विब्रेन?" अलेइडाबाईंनी हसत मान तिरकी केली. "तू शेवटचा. एक किलोमीटर चालेल ना?"

चालेल म्हणायला तो तोंड उघडत होता. शब्द जिभेवर आलाही होता. पण तो तिथं एखाद्याच्या केसासारखा चिकटून बसला, दुसऱ्या कुणाच्या ताटातून आलेल्या लांब केसासारखा, आणि जीभ त्याला ना आत ढकलू शके ना बाहेर. मारित झोपलीय असं त्याला डोळ्यांपुढे दिसलं, पोटावर हात ठेवून, रबर लावलेल्या खिडकीखाली. आणि बरणी. आणि चिठ्ठीवरचं अक्षर, छान.

"नाही," तो म्हणाला.

खोलीत कुणाला काही कळलं नाही. अलेइडाबाई अजून हसतच होत्या. "नाही म्हणजे कशा अर्थानं?"

"नेहमीच्या."

"म्हणजे दीड?" योस्ट म्हणाला. "दीडवर बोलता येईल रे. दीडही गोंडस आहे."

"दीडलाही नाही. जंतू दोनपर्यंत जातो. तुम्ही दीड म्हटलंत म्हणून तो अर्ध्या वाटेवरून परत फिरणार नाही."

आता मात्र सगळ्या टेबलाला काळजी लागली. राग परवडला असता. चष्मेवाल्या बाईंनी पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. "तुझी झोप नीट होते ना रे?" कुणीतरी विचारलं. योस्ट खुर्चीच्या कडेला येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाला, "असं कर ना. तू नाखुशीनं हो म्हण. तुझी नाखुशी आम्ही ठळक अक्षरांत लिहू. हवं तर तिला वेगळं पान देऊ."

"हो म्हणायचंच नाहीय मला. नाखुशीनं पण नाही."

"विब्रेन," अलेइडाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कोरडा झाला होता, "एकमत नाही म्हणजे ठराव नाही. ठराव नाही म्हणजे घरं नाहीत. तुझ्या पोरीचंही नाही. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मग तुला झालंय तरी काय?"

"किळस आलीय," विब्रेन म्हणाला. "माफ करा. मला सवय नाही."

नोल टेबलावरच्या ओरखड्याकडे बघत होता. विब्रेन उठला तेव्हा त्यानं मान वर केली नाही, पण विब्रेनच्या वाटेतली आपली खुर्ची मात्र ओढून घेतली. मोरीत जाऊन विब्रेन बेसिनवर वाकला. काहीच पडलं नाही. आरशात एक म्हातारा होता, त्याचा वरचा ओठ उचलला गेला होता, आणि नाकाच्या बाजूला दोन आठ्या होत्या. बराच वेळ तो त्या आठ्या बघत उभा राहिला. चेहरा अगदी पुस्तकातल्यासारखा होता. त्यानं हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून.

खाली मारित नदीच्या कठड्याशी उभी होती, सायकल कठड्याला टेकवून. पोटावर कोटाची बटणं लागत नव्हती म्हणून तिनं कोट दोरीनं बांधला होता. त्याला पाहताच ती हात हलवत पुढं आली आणि तो थांबला, दहा-बारा पावलांवर, आणि हात वर केला, पोलीस करतो तसा. शेळ्या व्यायला लागल्यापासून तो तिला असाच भेटत होता, उघड्यावर, आणि वारा कुठून कुठं वाहतोय ते बघून, आपल्या कपड्यांतली गोठ्यांची धूळ तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. त्यानं आल्या आल्या इमारतीवरच्या झेंड्याकडे पाहून ठेवलं होतं. वारा तिच्याकडून त्याच्याकडे होता.

"काय ठरलं, पप्पा? स्टेन वकिलाकडे जाऊन बसलाय. सह्यांना येतेय म्हणून सांगू?"

"नाही ठरलं. मी नाही म्हटलं."

"कशाला?"

"घरांना."

ती हसली, कारण तो असले विनोद करायचा. मग हसायची थांबली. "आमच्या घराला?"

"सगळ्याच."

"तुला ठाऊक आहे आम्ही कुठं राहतो? स्टेनची पाठ बघितलीस? रोज झोपताना मी ती भिंत पुसते. तुझी ती छान काळी भिंत." तिचा आवाज पाण्यावरून पलीकडे गेला, तिथल्या बाकावरचा एक माणूस वळून बघायला लागला. "बरं, ऐक. ऐक ना. आम्ही खिडक्या बंद ठेवू. हे व्यायचे दिवस असतात तेवढे. मी तेवढे दिवस बाहेरसुद्धा पडणार नाही. थोडं तुझं, थोडं माझं. अजून वर जाऊन सांगता येईल तुला, पप्पा, ते लोक चांगले आहेत, ऐकतील."

ऐकतील, हे खरं होतं. वर सगळे अजून बसले होते, दार उघडं होतं, कॉफी गरम होती. त्यानं नुसतं पायऱ्यांवर पाऊल ठेवलं असतं तरी टाळ्या पडल्या असत्या.

"नाही," तो म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. जिभेवरचा केस तोच होता, फक्त या वेळी तिच्या ताटातला.

"माझ्यासाठी केलं म्हणू नकोस हं. तेवढं तरी म्हणू नकोस. किती आठवडे झाले, तू मला एकदा जवळ घेतलं नाहीस. परक्या गावातल्या बायकांच्या घरी जाऊन कॉफी पितोस, शेळ्यांच्या पोटात हात घालतोस, आणि मी दिसले की असा हात वर करतोस." तिनं त्याची नक्कल केली, चांगली केली. "आई म्हणायची, तुला माणसं कळत नाहीत, बरण्या कळतात. मी तिच्याशी भांडायचे. तुझ्या बाजूनं."

यावर बोलण्यासारखं त्याच्यापाशी पुष्कळ होतं, आकडे होते, नकाशे होते, एक बाई होती. यातलं काहीही त्यानं काढलं नाही. तो उभा राहिला आणि तिनं त्याच्याकडे पाहिलं. खालून वरपर्यंत पाहिलं, बुटांपासून कोटापर्यंत. आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिचा वरचा ओठ हळूच उचलला गेला, नाक आक्रसलं, तोंडाचे कोपरे खाली ओढले गेले. चेहरा पुरा झाला. त्यात कसलीच भेसळ नव्हती, ना दया, ना संकोच, ना थोडं तुझं थोडं माझं. आयुष्यात त्याच्याकडे अशा पुष्कळ जणांनी पाहिलं असणार. एवढ्या स्पष्टपणे आत शिरलेलं हे पहिलंच. त्याच्या छातीत कुठंतरी फाटलं, आणि त्या फटीतूनच त्याला दिसलं की पोरीचा तो अवयव धडधाकट आहे. कुणी बटाट्यांबरोबर गिळायला लावलेला नाही. चालू आहे, आणि दोघांसाठी, पोटातल्यासाठीही, चालू आहे.

मारितनं सायकल ओढली आणि ती एक पाऊल मागं सरली. मग आणखी एक. झेंडा फडफडला, सुस्तावला, आणि उलटा फिरायला लागला.

विब्रेन जागचा हलला नाही. सरक, तो मनात म्हणाला. आणखी थोडी सरक, बाळ.